नानांच्या उलट्या चपला

दर सोमवारी नाना उलट्या पायांत चपला घालून कामाला यायचे. मोशीहून चाकणपर्यंत सायकल, पण फाटकापासून कपडे बदलायच्या खोलीपर्यंतची त्यांची ती बदकाची चाल बघायला अख्खी पहिली शिफ्ट थांबायची.

"नाना, कालची उतरली नाही का?" कोणीतरी हटकून विचारायचं.

"टाच एकाच अंगानं झिजती, भावा. तिला एक दिस सुट्टी नको?"

आमच्या कारखान्यात खाणींवरच्या गिरण्यांची अस्तरं बनायची. ही गिरणी म्हणजे घराएवढं आडवं पिंप. त्यात खनिजाचे दगड आणि पोलादी गोळे एकत्र गरगरतात आणि दगडाचं पीठ होतं. पिंप फाटू नये म्हणून आतून जाड पोलादी पाट्या बसवतात, तेच अस्तर. ते झिजलं की गिरणी बंद, आणि शिव्या आम्हाला. मी डिझाइनचा साहेब, नाना फिटर.

झिजलेली पाटी परत आली की नाना हातमोजा काढून तिच्यावरून हात फिरवत. "काय गं बाई, कुठं दुखतंय?" सगळे हसत. मीही हसे.

एका खाणीची अस्तरं फार लवकर संपत होती. ते गिऱ्हाईक तुटायच्या बेतात आलं. मी पोलाद बदलून पाहिलं, जाडी वाढवून पाहिली, काही जमेना. तेव्हा नानांनी मला परत आलेल्या पाटीशी नेलं आणि तिच्यावरच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजू दाखवल्या.

"ह्यो गाल पार बसलाय बघा, आन् त्यो अजून नवी नवरी हाय. गिरणी एकाच बाजूला फिरती व्हय?"

"हो."

"मग उलटी फिरवा की! सोमवार करा तिचा."

मी पोट धरून हसलो, त्यांना चहा पाजला आणि जागेवर येऊन अहवाल लिहायला घेतला. मोटर, दातेरी चाक, सगळं उलटं चालतं का ते तपासलं. ठरावीक महिन्यांनी गिरणीची दिशा बदला, असं लिहून खाली सही केली. एकट्याची. अस्तर इतकं टिकलं, की खाणीच्या मॅनेजरनं फोन करून विचारलं, "राव, पोलादात घातलंत तरी काय?"

सत्कार झाला. शाल, नारळ. माईक माझ्या हातात होता आणि 'कल्पना नानांची' एवढेच दोन शब्द बोलायचे होते. मी 'सर्व सहकाऱ्यांचे' आभार मानले. सगळ्यात मोठ्या टाळ्या नानांच्या.

"साहेब, नारळाच्या वड्या आणा बरं का," ते जाताना म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी नेल्या. त्यांनी चवीनं चार खाल्ल्या. मी एकीलाही हात लावला नाही.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात, ती शाल घेऊन मोशीला गेलो. नानांच्या शेतात आता इमारत आहे. तिच्याच तिसऱ्या मजल्यावर ते राहतात. दाराशीच सगळं बोलून टाकलं. म्हटलं, आता लिहूनही काढणार आहे, तुमच्या नावानं.

"लिवा. पण चपलांचं इसरू नका," नाना म्हणाले. मग माझ्याकडे निरखून बघत राहिले. "लई वर्सं एकाच अंगानं झिजलात, साहेब."

मी शाल पुढे केली. त्यांनी ती उलगडली, बोटांनी चाचपली, आतली बाजू बाहेर काढली आणि ऐटीत खांद्यावर टाकली.

"ही बाजू कोरी हाय की अजून!"