अमडापूरहून आतोबा बोलत आहेत

आमच्या आतोबांइतका बोलका माणूस सबंध बुलढाणा जिल्ह्यात झाला नसेल, आणि तेवढा मुका नवराही झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. अमडापूरच्या शाळेत ते गणित शिकवत. फळ्यावर उदाहरण सोडवायचं, उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या आणि वर्गाकडे बघायचं, याला ते शिकवणं म्हणत. घरी तर तेवढंही नव्हतं. ताटावर आडवा हात धरला की पोट भरलं, वाटी पुढे सरकवली की आणखी वाढ. ही भाषा आत्या लग्नानंतर लवकरच शिकली आणि तिच्यावरच तिने संसार केला.

पण रविवारी सकाळी हेच आतोबा आपल्या बिनतारी यंत्रासमोर बसले की त्यांना आवरणं कठीण. गावात वीज नुकतीच आली होती. लोकांनी दिवे लावले. आतोबांनी सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवला आणि हवेतून बोलायचं यंत्र स्वतःच्या हातांनी जुळवलं. काचेचे व्हॉल्व्ह मुंबईच्या भंगारातले, महायुद्धातून उरलेले. सांगाड्याला तुपाचा डबा. तांब्याची तार गुंडाळायला सायकलच्या पंपाचं नळकांडं. पुढे सायकलचं काय झालं ते मी विचारलं नाही. तयार यंत्र विकत घेणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. यंत्राला झटका द्यायची खोड होती, म्हणून देवळात चपला काढणारे आतोबा त्या खोलीत शिरताना चपला घालत. मी नोकरीनिमित्त त्यांच्याकडे राहायला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात अनवाणी त्या यंत्राला टेकलो. तेव्हापासून मीही चपला घालू लागलो. आत्या तर त्या खोलीत पाऊलच टाकत नसे.

या यंत्रावर नागपूरचे एक वकील आणि मिरजेचे एक डॉक्टर त्यांचे जिवलग झाले. तिघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. हौशी मंडळींनी हवेत यंत्राविषयी आणि किरकोळ तेवढंच बोलावं, असा नियम. हे तिघे हॉटेलातलं खाणं किरकोळात धरत. वकील तर्री-पोह्यांचे, डॉक्टर मिसळीचे, आतोबा बाजारातल्या गरम भज्यांचे. "वकीलसाहेब, पोहे म्हंजे बिमाराचं खाणं हाय," आतोबा ऐकवत. "भजे कढईतून निंगाले का माणूस जागचा हालत नाई. ओव्हर." त्यावर वकील चिडत, डॉक्टर हसत, आणि रविवार कारणी लागे.

एक गोष्ट मात्र आतोबांना ठाऊक नव्हती. ते बोलू लागले की शेजारच्या नानांच्या रेडिओतून गाणं दबून जाई आणि आतोबाच ऐकू येत. नानांनी हे सांगितलं नाही, कारण गाण्यापेक्षा हे बरं होतं. आत्या रविवारी डाळ निवडायला सूप घेऊन नानांकडे बसे. नवऱ्याचा आवाज तिने खरा ऐकला तो तिथे. एकदा आतोबा म्हणाले, "खरं सांगू का, डॉक्टरसाहेब? आमच्या घरच्या मुंगवड्यापुढं बाजारातल्या भज्याले काईच किंमत नाई. बायकोच्या हाताले जे हाय ते कुठंच नाई. ओव्हर." मी आत्याच्या शेजारीच बसलो होतो. आत्याने मान वर केली नाही, पण निवडलेली डाळ पुन्हा निवडायला घेतली.

मग एकदा मिरजेचे डॉक्टर खरंच अमडापूरला आले. आतोबांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, डॉक्टरांनीही हलवली, आणि दोघं घामाघूम होऊन बसले. कोंडी फोडली नानांनी. "तुमीच का मिसळवाले?" ते म्हणाले. "आमी दर रविवारी आयकतो ना! पण मास्तरचीच बाजू आयकू येते, तुमची अंदाजानं धरतो."

आतोबांचा चेहरा पडला. गेल्या कित्येक रविवारी आपण काय काय बोललो ते आठवत ते भिंतीकडे बघत राहिले. डॉक्टर मात्र खुलले. त्यांना दुरुस्त करायला काहीतरी मिळालं होतं. दोघांनी दुपारभर डाख देऊन एक डबी तयार केली आणि ती यंत्राच्या तारेत बसवली. "आता आवाज शेजारी जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. आतोबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आत्या मुंगवडे घेऊन दारात उभी होती, ती ताट ठेवून आत गेली.

पुढच्या रविवारी ती सूप घेऊन नानांकडे गेली. रेडिओ स्वच्छ गात होता. तीन गाणी तिने ऐकली आणि उठली. घरी येऊन माझ्या चपला पायात घातल्या आणि आतोबांच्या खोलीत जाऊन बसली.

"मले आता तिकडं आयकू येत नाई," ती म्हणाली.

आतोबांच्या हातात माईक होता. वकील पलीकडून पुन्हा पुन्हा विचारत होते, अमडापूर ऐकतंय का. आतोबा एकदा माईककडे बघत, एकदा आत्याकडे. मला त्यांची कीव आली आणि खरं सांगायचं तर आत्याचा थोडा रागही आला. शेवटी त्यांनी बटण बंद केलं.

"मुंगवड्याचं आयकलं होतं तू?"

"हाव."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी मले कुठं सांगतलं होतं?" आत्या म्हणाली. "डॉक्टरले सांगतलं होतं."

आतोबांनी माईक खाली ठेवला, आपली खुर्ची उचलली आणि तिच्याकडे तोंड करून ठेवली. मी अनवाणी दारातच उभा होतो, तिथूनच दार ओढून घेतलं. आत खुर्ची आणखी थोडी पुढे सरकल्याचं ऐकू आलं. मग आतोबांचा आवाज आला, हळू, अडखळत. ते काय बोलले ते मला कधीच कळलं नाही.