गाळलेली ओळ

निजामाच्या काळचे उर्दू कागद मराठीत करून देणारे शहागंजात आम्ही दोघंच. मी आणि समोरच्या माडीवरचे महाशय. महाशयांना उर्दू जेमतेम येतं. घाईत गिचमिड लिहिलेला कागद समोर आला की चष्मा पुसत ते गिऱ्हाइकालाच विचारतात, "यात तुम्हाला काय पाहिजे?" आणि तेच लिहून खाली जांभळा शिक्का हाणतात. याला ते अनुवाद म्हणतात! या माणसाची मला किळस येते आणि ती मी कधी लपवली नाही. ते रोज हात करतात, मी रोज तोंड फिरवते.

दोन वर्षांपूर्वी पिशोरचे दोघं भाऊ आजोबांचं वाटणीपत्र घेऊन माझ्याकडं आले. मी वाचून अर्थ सांगितला. शेवटच्या ओळीत आजोबांनी विहिरीजवळचा तुकडा मुलीला, म्हणजे या दोघांच्या आत्याला दिला होता, नावानिशी.

"मॅडम, तेवढी शेवटची ओळ नका घेऊ," थोरला म्हणाला. "म्हातारीला आता काय करायचंय?"

"माझ्याकडं कागद पूर्ण होतो, नाहीतर होत नाही."

दोघं उठून सरळ समोरची माडी चढले आणि अर्ध्या तासात हसत उतरले. त्या दिवशी मी महाशयांना मनसोक्त शिव्या घातल्या. स्वतःवर मात्र फार खूश होते.

गेल्या महिन्यात ती आत्या आली. ऐंशीची, काठी टेकत, धापा टाकत. हातात महाशयांच्या शिक्क्याची झेरॉक्स.

"भाचसून म्हणली, कागद आधी तुमच्याकडं आला व्हता. बा सांगायचा, तू पाळण्यात व्हतीस तवाच तुझं नाव लिव्हलंय. यात तर नाय म्हणत्यात. तुम्ही वाचला ना बाई? व्हतं का माझं नाव?"

नाव मला आठवत होतं, अगदी अक्षराच्या वळणासकट. पण हो म्हटलं की कोर्ट आलं, साक्ष आली, ते दोघं भाऊ माझ्या दारात आले. भ्याले मी, सरळ सांगते.

"आजी, इतके कागद येतात. नाही आठवत."

तिनं झेरॉक्सची घडी घालून कमरेला खोचली.

"मंग बा खोटं बोलला म्हणायचा."

मी तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेले. समोरून महाशयांनी नेहमीसारखा हात केला. त्या दिवशी मीही केला.