वायरीतले तीन जोड

कामतघरच्या आमच्या खोलीत इंटरनेट येणार होतं, पण केबलवाल्यानं समोरच्या गच्चीवरून ओढलेली वायर दारापाशीच संपली. कॉम्प्युटर आत, पलंगापलीकडे. नवी अखंड वायर आठ दिवसांनी मिळेल म्हणाला. आठ दिवस? माझी सोमवारी परीक्षा होती!

पुण्याची एक कंपनी घरबसल्या काम देणार होती. डॉक्टरांचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि टाइप करायचं. परीक्षासुद्धा घरच्याच कनेक्शनवरून, फाइल चारच्या आत पोचायला हवी. ही नोकरी लागली की बाबांची कापडाच्या लूमवरची रात्रपाळी बंद करायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. खोकून खोकून त्यांचा जीव अर्धा झाला होता.

शुक्रवारी लूम बंद. बाबांनी कुठून तरी वायरीचे तुकडे आणले आणि मांडी घालून बसले. तुटलेला धागा जोडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. वायर सोलली तर आत आठ बारीक तारा, दोन-दोन एकमेकींना पीळ घालून बसलेल्या.

"ह्या कवा गुतल्या गं?" म्हणाले.

लूमवर धागे गुंतले की कापड बाद. मग काय, त्यांनी वीत-वीतभर पीळ सोडवला, तारा ओळीनं सरळ केल्या, रंगाला रंग जोडून वर टेप लावली. असे तीन जोड. इंटरनेटच्या पेटीवर हिरवा दिवा लागला आणि मी टाळ्या पिटल्या. मूर्ख कुठली!

सोमवारी बाबा रात्रपाळी करून आलेले, पण झोपायचं सोडून माझ्यामागे उभे. रेकॉर्डिंग अडखळत आलं. तरी टाइप केलं, तीन वाजता फाइल पाठवायला लावली. अर्ध्यावर जायची आणि बोंबलायची. पुन्हा पहिल्यापासून. दोनदा, पाचदा, किती वेळा देव जाणे. रडू यायला लागलं. केबलवाल्याला फोन केला. तो आला, जोड बघून त्यानं कपाळावर हात मारला.

"चाचा, ये बल खोलने का नहीं होता! बल गया, तो स्पीड गया."

त्या पिळामुळंच तारांच्या एका जोडीतला सिग्नल दुसरीत मिसळत नाही, म्हणाला. पीळ सुटला की निम्मी फाइल वाटेतच खराब होते, मग तीच पुन्हा पुन्हा पाठवावी लागते. आणि घरातल्या घरात असे जोड कुणी देतं का? अखंड वायरच घालायची.

तो बोलत होता तोवर चार वाजून गेले. कंपनीचं पान बंद झालं.

"माझ्यामुलं गेली का गं नोकरी?" बाबांनी विचारलं.

माझं डोकं सणकलं होतं. "हो," मी म्हटलं, "तुमच्यामुळंच."

ते संध्याकाळी डबा न घेताच रात्रपाळीला गेले, आणि मग मरेपर्यंत जातच राहिले. ते 'हो' मी कधी मागं घेतलं नाही.