दारापलीकडचा खलाशी

प्रिंट अजून ओली होती. जुवेकरसाहेबांनी ती दोरीवरून उतरवली, दारातल्या उजेडात नेली आणि म्हणाले, "हीच. मला हीच हवी होती. समुद्राची विधवा!"

मी म्हणालो, "ती विधवा नाही."

"फोटोत आहे."

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मालवणच्या बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओची डार्करूम आम्ही दिवसाच्या बोलीवर घेतली होती. मुंबईच्या एका सचित्र साप्ताहिकात मी फोटोग्राफर होतो. जुवेकर हे आमचे संपादक. दिवाळी अंकासाठी त्यांना लोकांच्या स्वप्नांची छायाचित्रे हवी होती. परदेशी मासिकांतून त्यांनी 'अतिवास्तव' हा शब्द उचलला होता. म्हणजे वस्तू खऱ्या, पण त्या नको तिथे ठेवलेल्या. मी मूळचा मालवणजवळच्या कट्टा गावचा. भाषा येते म्हणून काम माझ्याकडे आले.

अशा कामात कॅमेरा शेवटी येतो. आधी स्वप्न ऐकायचे, मग त्याचे कच्चे रेखाटन करायचे आणि ते कॅमेऱ्याने जमेल का ते ठरवायचे. एका माडकऱ्याला, म्हणजे माडावर चढणाऱ्याला, विहिरीत खाली खाली वाढत जाणारा माड दिसायचा. ते आरशाने जमणार होते. एका शिक्षकाच्या स्वप्नात फळ्यावरून बांगडे पोहत जायचे. त्याला डबल एक्स्पोजर पुरेसे होते. म्हणजे एकाच फिल्मवर दोन चित्रे.

सर्वांत चांगले स्वप्न शेवंतीचे होते. ती मासळी विकायची. नवरा विसराम गलबतावर खलाशी. मंगळूरहून कौले घेऊन निघालेले ते गलबत गेल्या हंगामात परतले नव्हते. तिला दिसायचे ते असे : समुद्रात एक दार उभे आहे, घर नाही, भिंत नाही. पलीकडून विसराम दार ठोकतो आणि तिला कडी सापडत नाही.

"तो जिवंत आसा," ती म्हणाली. "मेलेलो माणूस दार ठोकता काय?"

फोटोला ती तयार झाली. तिची अट एकच होती. लोकांना कळले पाहिजे की ती वाट बघते आहे.

दार तिच्या थोरल्या दिराने दिले. भिकाजी त्याचे नाव. सगळे एकाच घरात राहत. मागच्या पडवीचे दार त्याने स्वतः बिजागऱ्यांवरून उतरवले. त्याचीही एक अडचण होती. मुलीचे लग्न ठरले होते आणि भावाच्या जगण्यामरण्याचा निकाल लागल्याशिवाय तिचे सासरचे तिथी धरायला तयार नव्हते. भावाचे दिवसकार्य उरकावे असे त्याने मानकऱ्यांना, म्हणजे देवळाचा मान असलेल्या गावच्या वडीलधाऱ्यांना, सांगितले होते. पण वाडीचा रिवाज आडवा येत होता. दर्यात हरवलेल्या माणसाची बायको जोवर आपल्या हाताने कुंकू उतरवत नाही, तोवर त्याला मेलेला धरायचे नाही. शेवंती कुंकू लावत होती. रोज, आणि मोठे.

ओहोटीला आम्ही दार वाळूत रोवले. जुवेकरांना आभाळ काळेकुट्ट हवे होते. शिमगा नुकताच झालेला, आभाळ स्वच्छ निळे. निळे आभाळ काळे करायचे तर लेन्सवर लाल फिल्टर, म्हणजे लाल काच लावतात. ती निळा रंग अडवते. पण तांबडा रंग ती सगळा आत घेते, आणि गव्हाळ किंवा सावळ्या कातडीतही तांबडा असतोच. त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइट फोटोत कपाळ आणि कुंकू एकाच छटेचे होतात. कुंकू दिसेनासे होते.

हे मी साहेबांना शूटिंगआधी सांगितले होते. आभाळ लाल काचेतून घ्यायचे, शेवंतीला काचेविना, आणि दोन्ही निगेटिव्ह प्रिंट करताना जोडायच्या, असा बेत होता. आभाळाच्या टेस्टला माणूस नको, असेही मी म्हटले. ते म्हणाले, "उभी कर तिला. दाराच्या उंचीचा अंदाज येईल. टेस्टच तर आहे." शेवंतीला मी सांगितले की हा फोटो छापायचा नाही. ती उभी राहिली.

आता ती टेस्ट त्यांच्या हातात होती. काळे आभाळ, पांढरे दार, मोकळे कपाळ.

"साहेब, ही छापता येणार नाही. त्या बाईला मी शब्द दिलाय."

"वाचकाला कळतं रे, स्वप्न आहे ते."

"वाडीत कळणार नाही."

"वाडी आपला अंक घेत नाही," ते म्हणाले आणि चहा घ्यायला गेले. प्रिंट बरोबर नेली.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या एका बाईने मला रस्त्यातच गाठले. देवळात मानकरी बसले होते. भिकाजीने माझी टेस्ट प्रिंट त्यांच्यापुढे ठेवली होती. जुवेकरांनीच ती त्याला दिली होती, दाराबद्दल आभार म्हणून. मी त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "मागितली, दिली. त्यात काय?"

मी फिल्टर खिशात घातला आणि निघालो. सोबत तेही आले, मी न बोलावता.

सभामंडपात भिकाजी उभा होता. "बघा, मानकऱ्यांनू. मुंबयच्या पेपरवाल्यांसमोर हिने कुकू पुसल्यान, आनी आमका सांगता घो जिवंत आसा! आता कार्य करूक काय हरकत?"

शेवंती खांबाशी होती. "भावोजी, माज्या कपाळाकडे बघा. डोळे फुटले काय तुमचे?"

"आज लावलंस. त्या दिसा नाय होतां."

मानकऱ्यांत सर्वांत वडील बाबलआजा. त्यांनी मला जवळ बोलावले. "झिला, तू कट्ट्याचो मां? मगे सांग. ह्या कागदार कुकू खंय गेलां?"

मी लाल काच त्यांच्या हातात दिली. "आजानू, फोटो हेच काचेतसून काढलेलो. ह्येच्यातसून शेवंतीकडे बघा."

त्यांनी काच डोळ्याला लावली. "नाय!" काच काढली. "आसा." पुन्हा लावली. "आवशीक खाव, नाय!"

मग काच हातोहात फिरली. एक जण म्हणाला, "आजानू, माजे बायलेकडे बघा. नाय झाली तर काच माका इकत देवा."

"तुजी बायल मेल्या, डोळे मिटलंय तरी दिसतली," आजा म्हणाले. सगळे हसले. शेवंती हसली नाही.

"काच खोटी आसा," भिकाजी म्हणाला.

"काच खोटी, तर कागद खरो कसो? तो हेच काचेतसून इलो मां?" आजांनी प्रिंट उलटी घातली. "कार्य होवचां नाय. लग्नाचां आमी बघतो. तुज्या व्याह्यांका मी सोता सांगतंय."

मला वाटले, संपले. शेवंती पुढे आली. "हो कागद एकच आसा काय?"

मी खरे ते सांगितले. निगेटिव्ह आहे, तिच्यावरून हव्या तितक्या प्रती निघतात.

"मगे ती माका होयी."

जुवेकर पहिल्यांदाच बोलले. "बाई, निगेटिव्ह ऑफिसच्या मालकीची असते."

"कपाळ माजां आसा," शेवंती म्हणाली.

मी स्टुडिओत जाऊन निगेटिव्ह आणली. सगळ्यांदेखत कात्रीने तिचे उभे, मग आडवे तुकडे केले आणि ते शेवंतीच्या हातात दिले. तिने ते चुलीत घालायला पदरात बांधले. दार त्याच दिवशी परत बिजागऱ्यांवर गेले. खरा फोटो घ्यायचा का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "नाको रे बाबा. माजां सपान माज्याकडेच रवांदेत."

परतताना जुवेकर एवढेच म्हणाले, "तू नोकरी कोणाची करतोस?" मनात आलेले उत्तर छापण्याजोगे नव्हते. मुंबईत पोचल्यावर काम माझ्याकडून काढून घेण्यात आले. माड आणि बांगडे दुसऱ्याने पुरे केले. दिवाळी अंकात दाराचेही चित्र होते. गिरगावातल्या स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे, भाड्याची मुलगी उभी करून घेतलेले. कपाळ मोकळे. मथळा साहेबांनी ठरवलेलाच, 'समुद्राची विधवा'. अंक खपला. साहेबांचे कौतुक झाले. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली.

हा किस्सा सांगितला की लोक विचारतात, विसराम परत आला का. नाही आला. भिकाजीच्या मुलीचे लग्न झाले आणि त्यात शेवंती सवाष्णींच्या रांगेत बसली. तिला तिथून उठवायची हिंमत कोणी केली नाही.

धंद्यापुरते सांगायचे तर, त्यानंतर मी टेस्ट प्रिंट कोणाच्या हातात दिली नाही. संपादकाच्या तर नाहीच. आधी ती ज्याची आहे त्याला दाखवायची, आणि नको म्हणाला तर त्याच्यासमोर फाडायची.