खंडेनवमीला धुतलेली बॅटरी

थोरल्या जाऊबाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा आम्ही विजेवर चालणारी मोटार घेतली. आमचं गाव गेवराईच्या पुढे आणि डायलिसिस बीडला, आठवड्यातून तीनदा. उपचार सरकारी योजनेत फुकट होते, जाणं-येणं आमचं. पेट्रोल परवडणार नव्हतं म्हणून ही गाडी. चालवायची मी. चार वर्षांत एक खेप चुकवली नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड धुऊन पुजतात. ट्रॅक्टर, विळे, विहिरीवरची मोटर. चौथ्या वर्षी नवऱ्याने फवारणीचा पंप गाडीला लावला. वरून धुऊन समाधान होईना, म्हणून खालचा पत्रा खोलला आणि बॅटरीच्या पेटीवर जोरात पाणी सोडलं.

"भाऊजी, गाडी धुताय का म्हैस?" जाऊबाई ओट्यावरून म्हणाल्या.

"पुजायची तर नीट पुजायची, वहिनी. चिखलाला हळदकुंकू लावू व्हय?"

मी शेजारीच झेंडूच्या माळा करत होते. मीही त्याला अडवलं नाही.

आठवड्याने बीडहून परतताना गाडी महामार्गावर बंद पडली. जाऊबाई मागच्या सीटवर आडव्या होत्या. दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर घालून संभाजीनगरला नेली. मेकॅनिकने पेटी उघडून दाखवली. आत पाणी, जोड हिरवे पडलेले.

"वॉरंटी आहे अजून," मी म्हटलं.

"खालच्या पत्र्याचं सील कुणी तोडलं?"

"मीच," नवरा म्हणाला. "लई चिखल व्हता."

"मग वॉरंटी गेली. नवी बॅटरी साडेपाच लाख."

"आन् गाडी इकली तर?"

"चालू असती तर चार लाख आले असते."

गाडी भंगाराच्या भावात दिली. जाऊबाई एसटीने जाऊ लागल्या. दुसऱ्याच खेपेला बीडच्या स्टँडवर चक्कर येऊन पडल्या. मग भाड्याची जीप सांगितली. तिच्या भाड्यात आठवड्याला तीन खेपा झेपेनात. "दोन बास," त्या म्हणाल्या. दिवाळीनंतर एकच राहिली. डॉक्टर माझ्यावर ओरडले.

आता त्यांच्या पायांवर सूज आहे. बोट दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो.

"भाऊजींना दाखवू नगं," त्या रोज बजावतात.

नवरा शेतातून आला की मी त्यांच्या पायांवर चादर ओढते. तो आत येत नाही, दारातूनच विचारतो, "बरं हाय ना, वहिनी?"

"मला काय धाड भरलीय?" त्या म्हणतात, आणि तो हातपाय धुवायला जातो.