उपासाला न चालणारी गोळी

लग्न होऊन मी अंबरनाथला आले, तेव्हा आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत तीन माणसं राहायची आणि त्यांतली दोनच झोपायची. माझा नवरा कारखान्यात उभ्याने काम करून आलेला, पाठ टेकली की घोरायला लागायचा. मी एकोणीस वर्षांची, मला झोप कमी पडायची. सासूबाई मात्र भिंतीला टेकून बसून राहायच्या आणि सकाळी आमच्याकडे अशा बघायच्या, की जणू आम्ही दोघांनी रात्री त्यांच्यापासून लपवून काही खाल्लंय.

सासरे तीन वर्षांपूर्वी गेले होते. आठ दिवस त्यांच्या उशाशी बसलेल्या सासूबाईंचा नवव्या दिवशी घटकाभर डोळा लागला आणि तेवढ्यात ते गेले. ‘माझा डोळा लागला आणि ते गेले,’ हे मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे मला त्यांची कीव यायची बंद झाली. रागच यायचा. नव्या सुनेला राग दाखवायची सोय नव्हती, म्हणून तो आतल्या आत साठत होता.

उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पात एका बराकीत सिंधी डॉक्टरांचा दवाखाना होता. आम्ही दोघं सासूबाईंना टांग्याने तिकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्यांना बराच वेळ प्रश्न विचारले, छाती तपासली आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मला वाचता येतं हे कळल्यावर मला बाजूला बोलावलं.

“डबी अपने पास रखना, बेटी. माईच्या हातात नाही द्यायची. गुंगीत माणूस घेतलेली विसरतो, फिर से लेता है. रोज एकच. अपने मन से बढ़ाना नहीं.” मी मान हलवली. ते पुढे म्हणाले, “और अपने मन से बंद भी करना नहीं. बंद करायची वेळ येईल तेव्हा मी सांगेन. अर्धी, मग पाव. आहिस्ता आहिस्ता.”

वाढवायची नाही हे मला पटलं. बंद करायची नाही, हे काही डोक्यात शिरलं नाही. ताप उतरला की औषध बंद करतातच. डॉक्टरांना गिऱ्हाईक टिकवायचं असेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

पहिले दोन महिने घरात सुख होतं. सासूबाई उजाडेपर्यंत झोपायच्या. एकदा तर उठून त्यांनी माझ्या वेणीचं कौतुक केलं. मग पावसाळ्यात एक गोळी पुरेनाशी झाली. त्यांची तक्रार ऐकून ऐकून नवरा वैतागला आणि डॉक्टरांना न विचारता कॅम्पातल्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या घेऊन आला. एकाच्या दोन झाल्या, गणपतीनंतर दोनाच्या तीन. सकाळी सासूबाईंची जीभ जड असायची, पाय लटपटायचे. गोळी कमी दिली की त्या मला घालूनपाडून बोलायच्या. डबी माझ्या ट्रंकेत होती आणि देणारा हात माझाच होता.

नवरात्र आलं. घट बसले त्या दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं, “दवाखान्याचं औषध उपासाला चालत नाही. नऊ दिवस गोळी नको. नाहीतरी दिव्यापाशी कुणीतरी जागं हवंच.” आमच्याकडे अखंड दिवा असायचा. शेजारच्या काकूंनी हात जोडले. म्हणाल्या, “देवीलाच तुमचा जागर हवाय हो.”

मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. पण नऊ दिवस डबीवरून भांडण होणार नव्हतं, हेही मला दिसत होतं. मी गप्प बसले.

दुसऱ्या माळेला दिव्यात तेल घालताना त्यांचा हात इतका थरथरला की निम्मं तेल पाटावर सांडलं. तिसऱ्या दिवशी त्या घामाने भिजल्या, वरीचा भात तोंडात फिरायला लागला. चौथ्या दिवशी भर दुपारी दाराकडे बोट करून म्हणाल्या, “ते उभे आहेत बघ. आत या म्हणावं.” दारात कुणी नव्हतं. संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “उपासाने होतं असं. तिला कोण समजावणार?” काकू म्हणाल्या, पुण्याई लागते असं दिसायला.

पाचव्या माळेच्या सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. “सूनबाई, हात थांबत नाहीत गं. आतून सगळं हललंय. एक देतेस का? कुणाला सांगायला नको.”

मी शेंगदाणे कुटत होते. वळलेसुद्धा नाही. म्हटलं, “आता चारच दिवस राहिलेत, आई. उपास मोडेल.”

हे मी भक्तीने बोलले नव्हते. एकदा गोळी द्यायला उशीर झाला म्हणून त्यांनी मला चार बायकांत उभं करून झापलं होतं, त्याची परतफेड होती ती. त्या परत दिव्यापाशी जाऊन बसल्या.

ललिता पंचमी म्हणून दुपारी चाळीतल्या बायका कुंकुमार्चनाला आल्या. आरती सुरू झाली आणि कोपऱ्यातल्या सासूबाई ताठ झाल्या. मान मागे गेली, घशातून एक आवाज निघाला, मग सगळं अंग झटके द्यायला लागलं. “आई आली, आई आली,” म्हणत बायका पुढे सरसावल्या. टाळ्यांचा वेग वाढला. तीन वर्षं ज्या कपाळाला कुणी कुंकू लावलं नव्हतं, त्यावर काकूंनी मूठभर कुंकू फासलं, कारण देवी काही विधवा नसते. सासूबाईंच्या ओठांतून लाल ओघळ आला. जीभ चावली गेली होती. “विडा रंगलाय बघा,” एक बाई म्हणाली आणि पाया पडली.

त्यांचं लुगडं ओलं झालेलं मला दिसत होतं. मी म्हटलं, “डॉक्टरांना बोलवायला हवं.” काकूंनी माझा दंड धरला. “खाली बस. आई अंगात आलीय, तुझ्या डॉक्टराला त्यातलं काय कळतंय?”

मी खाली बसले.

झटके थांबले, त्या निपचित पडल्या. शुद्धीवर येण्याआधीच दुसऱ्यांदा तसंच झालं, पहिल्यापेक्षा जास्त वेळ. तेव्हा मात्र मी अनवाणी रस्त्यावर धावले आणि टांगा केला. डॉक्टर दवाखान्यात होते. माझं अर्धं ऐकूनच त्यांनी विचारलं, “गोली बंद की? कितने दिन?”

“पाच दिवस. तीन गोळ्या घेत होत्या.”

“तीन?” ते एवढंच म्हणाले आणि बॅग उचलली.

आम्ही पोचलो तेव्हा आरती संपली होती आणि सासूबाईही. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पापणी उचलली, इंजेक्शनची पिचकारी न काढताच बॅग मिटली. कारखान्यातून धावत आलेल्या माझ्या नवऱ्याला ते म्हणाले, “फिट आली होती. दिल कमजोर था.” माझ्याकडे त्यांनी पाहिलंदेखील नाही. ते त्यांचे उपकार होते, की मी नजरेलाही लायक नव्हते, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

न्यायच्या आधी काकूंनीच ओल्या फडक्याने सासूबाईंचं कपाळ पुसून काढलं. आता त्या परत विधवा होत्या.

देवीने त्यांना आपल्यात नेलं, असं चाळ सांगत राहिली. माझा नवरा तेच मानत जगला. मी त्याला कधी सांगितलं नाही. आता मलाही झोप येत नाही, मीही डॉक्टरांची गोळी घेते. एकच, लिहून दिलेली. नवरात्रातही चुकवत नाही. लेकीसुना म्हणतात, आईंना उपासाला सगळं चालतं.

सासऱ्यांच्या वेळी सासूबाईंचा डोळा लागला होता, आणि तेवढ्यासाठी त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही. त्यांच्या वेळी मी टक्क जागी होते.