मामाच्या बोटांचं गाणं

सरांनी मला थोबाडीत मारली तेव्हा तानपुरा चालूच होता.

विद्यानगरातल्या एका शाळेचा हॉल. रविवारची सकाळ. आमच्या वृंदगान मंडळाचे चाळीसेक जण चार ओळींत उभे. येत्या हंगामाची पत्रिका त्याच सकाळी छापून आली होती. दसऱ्याला शास्त्रीय बंदिशी, दिवाळीला पहाटेची मैफल, पुढं भक्तिगीतं, शाळांचा समूहगान मेळावा. आणि सगळ्यांच्या आधी, उद्घाटनाला, 'मातीची गाणी'. जो तो पत्रिकेत आपलं नाव शोधत होता. मी एकच ओळ वाचली. 'पारंपरिक लग्नगीत. संशोधन, शब्दसंस्कार, संगीत,' आणि पुढं सरांचं नाव.

मी हात वर केला. स्वतः शाळेत मास्तरीण, तरी पोरासारखा हात वर केला.

"सर, हे लग्नगीत नाही. माझ्या मामाला मारलं, त्याचं गाणं आहे. माझ्या आईनं रचलंय."

सर हार्मोनियम सोडून उठले. माझ्यापाशी आले. मारली. मी सावरायच्या आत माझ्या हातातली पत्रिका ओढली, चुरगाळली आणि माझ्या तोंडात कोंबली. अंगठ्यानं. आतपर्यंत. ओठ दातावर आपटून फाटला. शाई आणि रक्त.

"तुम्हा लोकांच्या आरडाओरड्याचं मी गाणं केलं," ते म्हणाले. "उपकार मानायचे सोडून तोंड वर करतेस?"

चाळीस जण. एकही हलला नाही. शेजारी वकीलकाकू होत्या, मंडळात सगळ्यांत जुन्या. त्या पदर सावरून अर्धं पाऊल बाजूला सरकल्या. हळूच म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा शब्दांसाठी?"

सरांनी पुन्हा सा धरला. "पहिल्यापासून."

आणि मी गायले.

हे मला सांगायचंय. थप्पड सगळेच सांगतात. मी तोंडातला कागद काढून मुठीत धरला, रक्त गिळलं, आणि सगळ्यांबरोबर लग्नगीत गायले. सुरात.

आता गाण्याचं सांगते.

आमचं गाव अळणावरकडचं. आम्ही हलगीवाले. गावाबाहेरच्या केरीतले, आमच्या लोकांच्या वस्तीतले. माझा मामा, अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, धाकटा भाऊ, हलगी वाजवायचा तेव्हा पलीकडच्या गावचे लोक उठून यायचे. मी नऊ वर्षांची असताना जत्रेत तो दोन दिवस पालखीपुढं वाजवत होता. अनवाणी. तिसऱ्या दिवशी दुपारी टाच फाटली म्हणून तो देवळाच्या कट्ट्यावर बसला. हलगीवाल्यानं कट्ट्यावर बसायचं नसतं.

पाटलांच्या थोरल्यानं बघितलं. चौघांनी मामाला पायाला धरून खाली ओढलं. डोकं पायरीवर आपटत आलं. त्याचा उजवा हात पायरीवर पसरून दोघांनी दाबून धरला. तिथंच महाप्रसादाचा मसाला वाटत होते. थोरल्यानं पाट्यावरचा वरवंटा उचलला. एकेक बोट. पाची. मी देवळासमोरच्या चिंचेच्या बुंध्याआड होते. मामा ओरडत नव्हता, 'वाजवतो, वाजवतो' असं म्हणत होता. मग पोटात लाथा. त्यानंतर दोन दिवसांनी तो रक्त ओकून मेला. पोलिसांनी लिहिलं, दारू पिऊन कट्ट्यावरून पडला.

मामा दारूला शिवत नव्हता.

पुढच्या भातलावणीला अव्वानं चिखलात उभं राहून ओळ टाकली. कुणी शिकवली नव्हती.

बोटं ठेचली गं दगडानं,
माझ्या भावाची हलगी मुकी झाली.

एक बाई ओळ टाकते, बाकीच्या तिची झील धरतात, अशी आमच्याकडं रीत. बायांनी झील धरली. शेत पाटलांचंच होतं. मुकादमानं अव्वाच्या पाठीत लाथ घातली. ती तोंडावर चिखलात पडली. उठली. पुढची ओळ टाकली. मग दरवर्षी, दर लावणीला.

मी शिकले. धारवाडला सरकारी हॉस्टेलात राहून ट्रेनिंग केलं. केशवापूरच्या शाळेत नोकरी लागली, उणकलला खोली घेतली. शाळेच्या एका कार्यक्रमात सरांनी माझं गाणं ऐकलं आणि मंडळात बोलावलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून जात कळत नाही. कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मला पहिल्या ओळीत उभं केलं. "हिचा पंचम ऐका," सर बाकीच्यांना सांगायचे. आजवर मला कुणी असलं काही म्हटलं नव्हतं. मी रस्त्यानं चालताना ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणायची.

एकदा सरांनी विचारलं, "कुणाच्या घरात जुनी गाणी आहेत का? हंगामासाठी हवीत." मी म्हटलं, माझ्या आईकडं आहेत. मला वाटलं, मामाला कुणीतरी ऐकेल.

सर टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या गावी गेले. पाटलांच्या घरी जेवले. आमच्या केरीत आले नाहीत. अव्वाला शाळेच्या व्हरांड्यात बोलावून घेतलं. थोरला तिथंच खुर्ची टाकून बसला होता. अव्वानं त्याच्या डोळ्याला डोळा लावून अख्खं गाणं म्हटलं. संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा म्हणाली, "डब्यात गेलं बघ आता. आता ते कुणाला मारता येत नाही."

पुढच्या तालमीला मी पहिल्या ओळीतून शेवटच्या ओळीत गेले. "तुझा आवाज मागून चांगला लागतो," सर म्हणाले. माझा पाण्याचा पेला वेगळा झाला, खिडकीत ठेवलेला. आणि गाण्याचा कागद हातात आला.

बोटं रंगली गं मेंदीनं,
माझ्या भावाची हळद न्यारी झाली.

चालही बदललेली. लगीनघाईची, टाळ्यांची. पत्रिकेच्या मसुद्यावर स्वागताध्यक्ष म्हणून पाटलांच्या थोरल्याचं नाव होतं. तोवर तो धारवाडात लाकडाचा मोठा व्यापारी झाला होता, सगळे त्याला अण्णा म्हणायचे. मला सगळं कळलं. तरी तीन आठवडे मी मेंदी म्हणत राहिले. पंचमासाठी. शेवटी छापील कागद हातात आला तेव्हा हात वर गेला. पुढचं सांगितलंच आहे.

त्याच दुपारच्या बसनं मी गावी गेले. अव्वा चुलीपुढं होती. तिनं ओठ बघितला. मुठीतला कागद बघून म्हणाली, "वाच."

मी वाचलं.

"आन तू काय केलंस?"

"म्हटलं."

"काय म्हटलंस?"

"मेंदी."

अव्वानं फुंकणी उचलली. लोखंडी. पाठीवर, दंडावर, मांडीवर. "माझ्या भावाच्या रगताला मेंदी म्हणतीस? तुझ्या तोंडानं?" तिचा श्वास संपेपर्यंत मारलं. मी हात आडवा केला नाही. सरांच्या थपडेनं मी लहान झाले होते. या मारानं जागी झाले. दोन्ही एकाच दिवशी एकाच अंगावर पडले म्हणून मला फरक कळला.

मग तिनं विचारलं, "कधी हाय ते?"

"शनिवारी."

"येतो आम्ही."

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता धारवाडातला हॉल भरला. प्राध्यापक, वकील, डॉक्टर, त्यांच्या बायका. पुढच्या सोफ्यावर हार घालून थोरला. अव्वा आणि केरीतल्या सहा बाया आल्या, तर दारातला स्वयंसेवक म्हणाला, "मागं भिंतीला उभ्या राहा. खुर्च्या पाहुण्यांच्या आहेत." त्या उभ्या राहिल्या. मी स्टेजवर शेवटच्या ओळीत. माझा ओठ अजून सुजलेला. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी येणार याची त्यांना खात्री होती. आमच्यासारखी मार खाऊनही परत येते, हा त्यांचा अनुभव.

गाणं सुरू झालं. मेंदी. हळद. टाळ्या. मी तोंड मिटून होते. दुसऱ्या कडव्याआधी क्षणभर सगळे थांबतात, तिथं मी ओळ टाकली. आमच्या चालीत. संथ. भसाड्या, उघड्या आवाजात.

"बोटं ठेचली गं दगडानं..."

मागच्या भिंतीपासून सात बायांनी झील धरली. हॉलच्या दोन्ही टोकांना आम्ही, आणि मध्ये ते सगळे बसलेले. लोक माना वळवून बघायला लागले. मी ओळीतून बाहेर आले, स्टेजच्या कडेला उभी राहिले आणि विचारलं, "ठेचली कुणी?" अव्वानं भिंतीपासून उत्तर दिलं. त्याचं नाव. त्याच्या बापाचं नाव. गावाचं नाव.

थोरला उठला. "सुम्न इर!" कन्नडात ओरडला. गप्प बस. कट्ट्यावरून मामाला ओढताना हेच ओरडला होता, त्याच आवाजात. त्याची माणसं भिंतीकडं धावली. मागून सरांनी माझे केस धरले आणि मला मागं खेचलं. मान कडकडली. त्यांचा दुसरा हात माझ्या तोंडावर आला. मी चावले. ते किंचाळले, मी सोडलं नाही. दात हाडाला लागेपर्यंत नाही. हार्मोनियम उलटी पडली. कुणीतरी माझ्या कमरेत लाथ घातली, आम्ही दोघंही स्टेजवरून खाली कोसळलो.

खुर्च्यांच्या मधून मला दिसलं. अव्वा जमिनीवर, तिच्या अंगावर एक माणूस, गुडघा तिच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. केरीतली एक म्हातारी त्या माणसाच्या तोंडावर चपलेनं मारत होती, मारतच होती, तिला कुणी आवरू शकत नव्हतं. सुशिक्षित लोक आपापल्या पिशव्या छातीशी धरून दाराकडं निघाले होते. वकीलकाकू स्टेजवर तशाच उभ्या. हातात गाण्याचा कागद.

पोलिसांनी गुन्हा आम्हा आठ जणींवर घातला. कार्यक्रमात दंगा. मला शाळेतून सहा महिने निलंबित केलं. सरांच्या हाताला टाके पडले. धारवाडात महिनाभर हळहळ चालली होती, कलावंताच्या हाताला चावली म्हणे. हात म्हणजे कलावंताचं सर्वस्व, असं लोक एकमेकांना सांगत होते. मामाच्या बोटांबद्दल असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

दसऱ्याची मैफल ठरल्याप्रमाणं झाली. हॉल भरला होता, असं ऐकलं. अव्वाचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. लावणीला तिला कुणी बोलावेना. चार वर्षांनी ती गेली. मामाची फाईल उघडा म्हणून मी तीन अर्ज केले. तिन्ही परत आले.

याला आता दहा-बारा वर्षं झाली. गेल्या महिन्यात वकीलकाकू शाळेत आल्या. केस पांढरे झालेले, हातात पेढे. "झालं गेलं विसर बाई. मंडळ आता बदललंय. यंदाचा हंगाम मोठा आहे, सहा कार्यक्रम. उद्घाटनाला तू एकटीनं म्हणायचंस ते गाणं. तुझ्या आईचं नावही छापू."

मी फळा पुसत राहिले.

"फक्त त्या एका ओळीचं तेवढं बघ. अण्णा पुढं बसलेले असतात गं."

"कुठल्या ओळीचं?"

"अगं, तीच."

"म्हणून दाखवा, काकू."

त्यांचे ओठ हलले. ओळ आली नाही. त्या दिवशी हॉलमध्ये त्यांनी ती ऐकली होती. गाण्यात त्यांची उभी हयात गेली, एकदा ऐकलेली चाल त्या विसरत नाहीत. मी वर्गाचं दार उघडून धरलं. पेढे त्यांच्या हातात परत दिले.

त्या गेल्यावर मी रजेचा अर्ज लिहिला. सहा तारखांचा. आता माझ्याबरोबर अकरा जणी आहेत. केरीतल्या, उणकलच्या, दोघी माझ्या जुन्या विद्यार्थिनी. आम्ही स्टेज मागत नाही. खुर्ची मागत नाही. पत्रिकेत नाव तर नाहीच नाही. उद्घाटनापासून त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला आम्ही दारात उभ्या राहणार आणि खून करणाऱ्याचं नाव घेऊन गाणार. दार लावलं तर दारावर. पोलीस आणले तर पोलिसांसमोर. तो पुढच्या सोफ्यावर बसला असेल तर अजून मोठ्यानं. आणि कुणी हात उगारला, तर तो हात धरायला आम्ही बारा जणी आहोत, आणि आमच्यातल्या बहुतेकींचे हात चिखलात भात लावून लावून तयार झालेत.